पाठीवरचं ऊन

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी आईला एक वाक्य बोलले. सवाष्णी यायला अर्धा तास होता. आई सकाळपासून जमिनीवर बसून फुलोऱ्याचं करत होती. करंज्या झाल्या होत्या, वेण्या-फण्या व्हायच्या होत्या. स्वयंपाकघरात सोळा भाज्यांची कढई, आंबिलीचं पातेलं, तळणाचा धूर, आणि भाद्रपदातला तो चिकट उकाडा. मधेच तिनं पुढ्यातली परात जोरात ढकलली. ती भिंतीवर आपटून वाजली, तशी बाहेरच्या खोलीतली बोलणी थांबली. "करा आता तुमचं तुम्ही. माझ्यानं होत नाही," म्हणत ती भिंत धरून उठली आणि आत जाऊन पडली. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी घरात बसलेल्या, आणि आईनं असं करावं! मी दारात उभी राहून म्हटलं, "आई, तुझा स्वभावच असा झालाय आता." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दुखून राहिलं गं." काय दुखतंय, मी विचारलं. "सगळंच." ते 'सगळंच' ऐकून मी दार ओढून घेतलं आणि पानं वाढायला गेले.

स्वयंपाक छान झाला होता, असं सवाष्णी जाताना म्हणाल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिकात, धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी आईला खुर्चीत बसवलं, साडी घोट्याच्या वर सरकवायला सांगितली आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. एवढंच. आई कळवळली. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली, वडलांच्या शेवटच्या आजारात डोळ्यांतून पाणी न काढलेली माझी आई एका अंगठ्याच्या दाबानं "आई गं" म्हणाली. त्याआधीच्या डॉक्टरांनी गुडघे झिजलेत, वय झालं, असं सांगून लावायचं मलम आणि कमरेचा पट्टा दिला होता. आम्हीही ते मान्य केलं होतं, कारण चौसष्टीच्या बाईचं काही दुखलं की ते वयाचंच असतं, असं आपण सगळे धरूनच चालतो. या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. कागदावर ड जीवनसत्त्वाचा आकडा आला ६.८. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात. कॅल्शियम खालच्या काठावर, आणि हाडांचं काम बिघडलं की चढतं ते अल्कलाइन फॉस्फटेज वर गेलेलं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि खाण्यापिण्याचं काही न विचारता आईला विचारलं, "काकू, घर कुठं आहे तुमचं? कितव्या मजल्यावर?"

घर त्रिमूर्तीनगरात, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी उत्तरेला, आणि समोर हात लांबवला तर लागेल अशी दुसरी इमारत. महाल भागातल्या वाड्यातला आमचा वाटा विकून भावानं आणि मी हा फ्लॅट घेतला, त्याला सहा वर्षं झाली. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आई सुखात आहे, असं मी लोकांना सांगत असे.

घरी येताना रिक्षात मी मागचं वर्ष मनातल्या मनात पुन्हा उलगडलं. लिफ्ट बंद असली की आई कठड्याला धरून स्वतःला वर ओढायची. जमिनीवरून उठताना आधी दोन्ही हात मांड्यांवर रेटायची, मग अंग वर यायचं. भजनी मंडळ सोडलं, तेव्हा म्हणाली तिथल्या बाया फार राजकारण करतात. पहाटे तीनला तिच्या खोलीतला दिवा लागलेला असायचा. आणि माझी लेक मांडीवर येऊन बसली की आई तिला लगेच खाली उतरवायची. पोरीनं एकदा मला विचारलंही होतं, "आजीला मी आवडत नाही का?" मी तिला सांगितलं होतं की आजी आता म्हातारी झाली, तिला कटकट होते. सहा वर्षांच्या मुलीचं वजन त्या हाडांना सोसत नव्हतं, हे मला कुठून सुचणार? पण इतक्या खुणा एका घरात, एका माणसाच्या अंगावर, वर्षभर दिसत राहाव्यात आणि त्या सगळ्यांची बेरीज करून मी 'स्वभाव' हा शब्द काढावा, याचं वाईट अजून जात नाही.

हाड म्हणजे नुसता कॅल्शियमचा दांडा नाही. आधी एक मऊ चौकट तयार होते, मग तिच्यात खनिजं भरली जाऊन ती टणक होते. वाड्याच्या भिंती दुरुस्त करताना जुने गवंडी चुना मळायचे, ते मला आठवलं. विटा रचून झाल्या आणि सांध्यांत चुनाच भरला नाही, तर भिंत उभी दिसते, पण हात लावला की हलते. ड जीवनसत्त्व कमी पडलं की आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट घेत नाहीत आणि ही भरणी अर्धवट राहते. मोठ्या माणसांत याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, मुलांत मुडदूस. हाडं बोथट, खोल ठणकतात. कुठं, ते बोट ठेवून सांगता येत नाही. मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू दुबळे होतात, म्हणून उठायला, जिना चढायला, फळीवरचा डबा काढायला जड जातं. "सगळंच" हे आईचं उत्तर किती अचूक होतं!

आणि हे सगळं नागपुरात. मे महिन्यात जिथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, लहानपणी बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायचे, आणि घरी आल्याबरोबर पन्ह्याचा पेला हातात यायचा, त्या गावात माणसाला ऊन कमी पडावं. आपण नागपूरकर उन्हाला भितो आणि ते योग्यच आहे. ऊन लागून माणसं गेलेली आपण पाहिली आहेत. एप्रिल लागला की खिडक्यांना वाळ्याचे ताटवे, आता कूलर आणि एसी, जाड पडदे, दारं बंद. मी स्वतः गाडीवर निघताना स्कार्फ असा बांधते की डोळे तेवढे उघडे राहतात, वर हातमोजे. सीताबर्डीच्या सिग्नलवर माझ्यासारख्या वीस जणी उभ्या असतात, कोण कोणाची मैत्रीण ते गाडीच्या नंबरावरून ओळखायचं. तपासणीत माझाही आकडा १३ आला. मला धक्काच बसला, कारण वर्धा रोडवरच्या आमच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीशी आहे आणि दिवसातले दोन तास ऊन माझ्या डाव्या हातावर असतं. पण कातडीत ड तयार करणारे अतिनील बी किरण काचेत अडतात. ऊब येते, उजेड येतो, रंगही रापतो, आणि जे हवं ते बाहेरच राहतं.

कोवळ्या उन्हाचंही तेच. लहानपणापासून ऐकत आलो की सकाळचं कोवळं ऊन चांगलं, तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचं. ते सुखाचं असतं हे खरं. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना हवेच्या फार जाड थरातून तिरपं यावं लागतं आणि ते बी किरण वाटेतच गळून जातात. अंबाझरी तलावावर सहाला जाऊन सातला परत येणाऱ्यांचं चालणं होतं, ऊन होत नाही. डॉक्टरांनी आईला सोपी खूण सांगितली. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो, कारण तिच्यातला रंगच किरण अडवतो. उन्हाळ्यात तेवढा वेळ सकाळी नऊच्या सुमारासच मिळून जातो, उगाच दुपार गाठायची नाही. हिवाळ्यात मात्र भर दुपारीच बसायचं. मी नंतर आकडेमोड करून पाहिली. आपलं गाव एकवीस अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटी एक दिवस असा येतो की दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. आणि २२ डिसेंबरला, सूर्य दिवसातला सगळ्यात वर असतो तेव्हासुद्धा, सावली जवळजवळ आपल्याएवढीच असते. म्हणजे पौषात ते ऊन अकरा ते एकच्या मधे कुठंतरी, तेवढंच.

अकरा ते एक ऐकल्यावर मला वाड्याचा चौक दिसला.

थंडीच्या दिवसांत पुरुष कामावर आणि आम्ही शाळेत गेलो की चौकात चटया पडायच्या. मला दिसायचं ते सुट्टीच्या दिवशी. आई, मोठी काकू, मागच्या बिऱ्हाडातल्या दोघी, आणि वर राहणाऱ्या आजी. समोर तुरीच्या शेंगांचा ढीग. सोलेभातासाठी, सोल्यांच्या भाजीसाठी शेंगा सोलायच्या असत आणि त्या सोलणं हे न संपणारं काम. बोटांची टोकं हिरवट काळी व्हायची, तो कच्चा, थोडा उग्र वास हातांना दोन दोन दिवस राहायचा. सगळ्या जणी उन्हाकडे पाठ करून बसायच्या. पदर पुढं घेतलेला, ब्लाऊज आणि कमरेच्या मधली पाठ, मान, दंड उघडे. ऊन सरकलं की चटई सरकायची. त्या पाचही जणींच्या पाठी मला आजही डोळ्यांपुढे येतात, तेल लावल्यासारख्या चकाकणाऱ्या. कोणी कोणाच्या सासूबद्दल बोलत असायचं, कोणी नुसतंच हसत असायचं. उन्हाळा लागला की हीच मंडळी गच्चीवर. कुरडया, पापड, सरगुंडे, मुगवड्या. कावळे हाकलायला आम्हा पोट्ट्यांना बसवायचे, पण घालणं, उलटवणं, गोळा करणं बायांचंच. भल्या सकाळी चिकाचं पातेलं घेऊन वर गेलेली आई नऊ-साडेनऊला तांबडी होऊन खाली यायची.

या बायांपैकी कोणाला 'जरा उन्हात बसून ये' असं कोणी कधी म्हटलं नसतं. नुसतं बसणं त्यांच्या वाट्याचंच नव्हतं. हातात काम असेल तरच बसायला मिळे, आणि ते काम सुदैवानं उन्हातलं होतं. फ्लॅटमध्ये आल्यावर सोले पाकिटातून यायला लागले, पापड बचत गटाकडून. आईच्या अंगावरचं काम कमी केलं म्हणून आम्हाला बरं वाटलं होतं. त्या कामाच्या आडून तिला काय मिळत होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. साडीच्या जागी गाऊन आला, त्यावर ओढणी. आणि स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते.

वाचता वाचता मला १९२२ सालची एक गोष्ट सापडली आणि मी ती आईला वाचून दाखवली. हचिसन आणि शहा या दोघांनी नाशिककडे मुडदूस आणि हाडं मऊ होण्याच्या आजाराचा अभ्यास केला होता. आजार सापडला तो खाऊन-पिऊन सुखी असलेल्या, पण पडद्यात राहणाऱ्या घरांत, तिथल्या बायांत आणि तान्ह्यांत. रानात राबणाऱ्या गरीब घरांत, जिथं खायचे वांधे होते, तिथं तो नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातलं मुडदूस बरा करणारं द्रव्य अ जीवनसत्त्वाहून वेगळं असल्याचं दाखवलं, आणि ए, बी, सी नंतरचं म्हणून त्याला डी अक्षर मिळालं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शंभर वर्षांपासून माहीत आहे नं हे. मग सांगत काहून नाही कोणी?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. दिल्लीतल्या तपासणीतही २००० साली हेच दिसलं होतं. शहरात घरा-दवाखान्यात काम करणाऱ्या धडधाकट माणसांच्या रक्तात ड फार कमी, आणि उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांत त्यांच्याहून बरंच जास्त.

औषध साधंच होतं. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे, आणि सोबत कॅल्शियमच्या गोळ्या. डॉक्टरांनी तीनदा बजावलं की आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान, मळमळ, मुतखडा, मूत्रपिंडावर ताण. आकडा कमी आहे म्हणून दुकानातून आणून मनानं घेत सुटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. आमच्याकडे रविवारची रात्र ठरली. माझी लेक पुडी फोडायची, दूध ढवळायची, आजीच्या हातात द्यायची आणि आजी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभी राहायची. सहाव्या की सातव्या रविवारनंतर, एका सकाळी, आई देवासमोरून उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन सरळ बाल्कनीत तुळशीकडे गेली. मी चहा गाळत होते. तिनं कशालाही हात न लावता उठल्याचं मला दोन मिनिटांनी लक्षात आलं. मी तिला काही बोलले नाही. पहाटेचा दिवाही लागेनासा झाला होता.

चिडचिडही कमी झाली. इथंच मी अडकले. मला मनापासून हवं होतं की तो महालक्ष्म्यांचा दिवस, त्याआधीचे रुसवे, फोनवर तोडून बोलणं, हे सगळं त्या ६.८ मधून आलं असावं. म्हणजे आई तशी नाही, आणि मीही फार काही वाईट केलेलं नाही, दोष एका आकड्याचा. ड कमी असलेल्या लोकांत उदासी जास्त आढळते असं दाखवणारे अभ्यास आहेत, मेंदूतही या जीवनसत्त्वाच्या खुणा आहेत, हे मी उत्साहानं डॉक्टरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की उदास माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणूनही त्याचं ड कमी असू शकतं, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या अठरा हजारांहून जास्त लोकांना पाच वर्षं ड किंवा बिनऔषधाची गोळी देऊन पाहिली, २०२० साली त्याचा निकाल आला, आणि ड घेतल्यानं नैराश्य टळलं नाही. अर्थात त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हतीच. "पण वर्षभर हाडं ठणकत असतील, रात्री झोप नसेल, आणि घरात कोणी विश्वास ठेवत नसेल, तर माणूस चिडणारच. त्याला जीवनसत्त्वाचं शास्त्र कशाला हवं?" हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, कागदावर लिहीत होते. तरी मला ते लागलं.

राहिलं ऊन. गच्चीला कुलूप होतं. वर पाण्याच्या टाक्या, सोलरचे पत्रे, पोरं चढतात म्हणून किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. आईनं सहा वर्षांत ती गच्ची पाहिली नव्हती. मी अर्ज लिहिला, मीटिंगमध्ये बोलले, आणि रोज अकरा ते एक गच्ची उघडी ठेवायची ठरली. पहिले चार दिवस आई एकटीच होती. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मटार घेऊन आल्या. मग एक बाळंतीण, बाळाला घेऊन. मी बाजारातून मुद्दाम तुरीच्या शेंगा आणल्या, दोन किलो.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मीही वर गेले. आकाशभर पतंग, आजूबाजूच्या गच्च्यांवरून 'ओ काट'ची ओरड, तापल्या टाइल्सवर उघडे पाय. आई सोलरच्या पत्र्यांच्या पुढं चटईवर बसली होती, उन्हाकडे पाठ करून. साडी नेसली होती. मांडीवर माझी लेक डोकं टेकून लोळत होती आणि सोललेले दाणे तोंडात टाकत होती. मला राहवलं नाही. मी आईच्या मागे उभी राहून म्हटलं, "आई, महालक्ष्म्यांच्या दिवशी तुला दुखत होतं, ते मला कळलंच नाही. म्हणून तू तशी चिडली होतीस. मी उगाच स्वभाव काढला तुझा."

आईनं शेंग मोडली, दाणे ताटलीत टाकले. "दुखत होतं, ते खरं आहे," ती म्हणाली. "पण चिडले होते ते त्यासाठी नाही. त्या दिवशी सगळ्या बाया म्हणत होत्या, वाड्यात कशा महालक्ष्म्या बसायच्या, चौकात पंगती कशा बसायच्या. आणि तू म्हणालीस, इथंच बरं आहे, आईलाही इथंच आवडतं. मला विचारलं होतं काय कोणी, आवडते का म्हणून? वाडा विकताना विचारलं होतं? सह्या करायला बोलावलं तेवढं. राग आला होता मला. अजूनही आहे."

हे तिनं आवाज न चढवता सांगितलं, शेंगा सोलत. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला बोलायचं होतं, पण लेक ऐकत होती, आणि काय बोलायचं तेही नीट सुचत नव्हतं. कुठलासा कटलेला पतंग आमच्या टाकीवरून गिरक्या घेत खाली गेला, पोरं जिन्याकडे धावली. मी तशीच उभी होते.

"सरक जरा तिकडे," आई म्हणाली. "तुझी सावली पडून राहिली माझ्या पाठीवर."